वजनाचं ऑपरेशन झालं, आता सोबतीला कोण?

ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते आणि जावेच्या मुलाचं बारसं होतं. पंगतीत जिलबी, मठ्ठा, बटाट्याची भाजी, आणि मी कोपऱ्यात बसून छोट्या चमच्याने कालवलेला मऊ वरणभात खात होते, चौथ्या चमच्याला छातीत दाटून आलं म्हणून चमचा खाली ठेवला तर मावससासूबाई आल्याच, "अगं एवढंच? एक जिलबी तरी घे, माझी शपथ आहे." काय सांगणार, घरात फक्त नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत होतं की मी स्लीव्ह, म्हणजे वजनासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन, करून घेतलंय. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुखत काहीच नव्हतं, पण एवढ्या भरल्या घरात मला काय होतंय हे कळणारं एकही माणूस नव्हतं.

आता चार वर्षं झाली. ऑपरेशन कुठे करावं, खर्च किती, सुट्टी किती लागते हे सगळे विचारतात आणि सांगणारेही भरपूर भेटतात, पण नंतर माणसं कुठून आणायची हे मला कुणी सांगितलं नाही, ते मी साताऱ्यात बसून एकेक करत शोधलं, म्हणून जे कामी आलं ते इथे लिहितेय.

ऑपरेशनच्या आधीच विचारा

हॉस्पिटल ठरवताना सर्जनचा अनुभव विचारतो तसंच हेही विचारायचं की तुमच्याकडे सपोर्ट ग्रुप भरतो का, किती दिवसांनी, कोण चालवतं, मराठीत बोललं तर चालतं का, लांबच्या पेशंटला ऑनलाइन बसता येतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्या ग्रुपला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले लोक येतात का?

हा प्रश्न का, ते सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जिथे जास्त तयार होतं तो भागही त्यातच जातो, त्यामुळे पहिलं वर्ष-दीड वर्ष भूकच कमी लागते आणि वजन भराभर उतरतं. तेव्हा सगळे खूश, सगळे कौतुक करतात, ग्रुपवर रोज फोटो. नंतर शरीर सवय करून घेतं, भूक थोडी परत येते, वजन एका जागी थांबतं, काहींचं थोडं वाढतंही. हे बऱ्याच जणांचं होतं. पण नेमकी त्याच वेळेला माणसं ग्रुपमधून गायब होतात कारण लाज वाटते. म्हणजे खरी गरज जेव्हा असते तेव्हाच माणूस एकटा पडतो. ज्या ग्रुपमध्ये फक्त पहिल्या सहा महिन्यांचे लोक आहेत तो ग्रुप तुमच्या तिसऱ्या वर्षात उपयोगाचा नाही.

माझ्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही, सर्जन उत्तम होते, पण पहिले तीन महिने दर आठवड्याला फोन करणारी कोऑर्डिनेटर नोकरी सोडून गेली आणि मग त्या ग्रुपवर फक्त आधीचे-नंतरचे फोटो आणि डिस्काउंटच्या जाहिराती यायला लागल्या. कुणी काही विचारलं तर दोन दोन दिवस उत्तर नाही. राग आला, अजूनही येतो.

तुमचा नंबर द्या

मला जी युक्ती सापडली ती अगदी साधी आहे. हॉस्पिटल दुसऱ्या पेशंटचा नंबर आपल्याला देत नाही आणि देऊही नये, पण आपला नंबर तर दुसऱ्याला देऊ शकतात ना! मी डाएटिशियनला म्हटलं, मॅडम, माझा नंबर तुमच्या जुन्या पेशंटना द्या, सातारा, कराड, कोरेगाव, कुठलंही चालेल, बाई असेल तर जास्त बरं, त्यांना वाटलं तर त्या फोन करतील. अकरा दिवसांनी कराडहून फोन आला. त्यांचं बायपास होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, हृदयाचं नव्हे, वजनाचंच, ज्यात जठराचा छोटा भाग थेट लहान आतड्याला जोडतात. पहिल्याच फोनला आम्ही पाऊण तास बोललो आणि त्यातला निम्मा वेळ वाटीवर गेला.

हो, वाटीवर. त्या म्हणाल्या, जेवणाची वाटी बाजूला ठेव, चटणी-कोशिंबिरीला घेतो ती लहान वाटी काढ आणि ती फक्त तुझी. त्यात आधी प्रोटीन, म्हणजे अंडं, पनीर, घट्ट वरण किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. वीस-पंचवीस मिनिटं लावून खायचं, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. हे सगळं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतंच की, पण लग्नाच्या पंगतीत हे कसं करायचं ते कागदावर नसतं, ते त्यांनी सांगितलं. पंगतीत टोकाला बसायचं, वाढणाऱ्याला पहिल्याच फेरीला हाताने थांबवायचं, आणि बुफे असेल तर ताट स्वतः घ्यायचं आणि हातात धरूनच बोलत राहायचं, रिकामे हात दिसले की लोक आग्रह करतात.

दुसरी जागा म्हणजे फॉलोअपचा दिवस. पहिल्या वर्षात साधारण पहिला, तिसरा, सहावा आणि बारावा महिना आणि पुढे दरवर्षी तपासणी असते, तेव्हा ओपीडीत बाहेर बसलेल्यांकडे बघा, जो माणूस बाटलीतून दर दोन मिनिटांनी एकेक घोट पाणी पितोय तो आपला! सरळ जाऊन बसा आणि विचारा, तुमचं कधी झालं? मला आमच्या ग्रुपमधले दोघं असेच मिळाले. जमलं तर अपॉइंटमेंट ग्रुप भरतो त्याच दिवशीची घ्या, एका एसटीच्या भाड्यात दोन्ही होतं.

स्वतःचा छोटा ग्रुप

पाच ते आठ माणसं पुरे. आम्ही सात जण आहोत, पाच बायका आणि दोन पुरुष, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, पाऊण तास, प्रत्येकाने एक जमलेली गोष्ट आणि एक अडलेली गोष्ट सांगायची. नियम आम्ही अनुभवातून केले.

वजनाचा आकडा कुणी सांगायचा नाही. सुरुवातीला सांगायचो, पण एकाचं स्लीव्ह, एकीचं बायपास, कुणाला थायरॉइड, कुणाची शुगर जुनी, वयं वेगळी, सुरुवातीचं वजन वेगळं, मग कुणाचे चाळीस किलो उतरले हे ऐकून बावीसवाली दोन महिने बोललीच नाही. तो नियम मी कधीच मोडू देणार नाही.

दुसरा नियम, काही विकायचं नाही. प्रोटीन पावडरचे एजंट, चरबी जाळणाऱ्या चहावाले अशा ग्रुपमध्ये बरोबर शिरतात, पहिल्याच मेसेजला बाहेर काढायचं.

तिसरा, औषध आणि डोस एकमेकांना सांगायचे नाहीत. आमच्यात एकदा गुडघेदुखीवर विषय निघाला आणि एकजण म्हणाली, मी तर नेहमीची पेनकिलर घेते, मला काही होत नाही. तिचं स्लीव्ह होतं. ऐकणारीचं बायपास, आणि बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी आतल्या जोडाजवळ अल्सर व्हायचा धोका असतो, स्लीव्हवाल्यांनीही त्या मनाने घ्यायच्या नसतातच. नशीब तिने घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारलं. ग्रुपने एकमेकांना आठवण जरूर करावी, बी१२ घेतलं का, वर्षाची रक्ततपासणी झाली का, लोह आणि कॅल्शियम एकत्र घेत नाहीस ना, मध्ये दोन तास सोडतेस ना. मात्र किती घ्यायचं हे डॉक्टरच सांगणार.

आणि काही गोष्टी ग्रुपवर विचारायच्याच नाहीत, सरळ हॉस्पिटल गाठायचं. पाणीसुद्धा पोटात टिकत नाहीये, ताप आहे, बसल्या जागी नाडी जोरात चाललीय, पोटात किंवा खांद्यात सणकून दुखतंय, दम लागतोय, एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, शौचाला काळं होतंय. अशा वेळी "कुणाला असं झालंय का?" टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, प्लीज. आम्ही प्रत्येकाने पर्समध्ये एक कागद ठेवलाय, कोणतं ऑपरेशन, कधी झालं, सर्जनचा फोन, आणि खाली एक ओळ, खूप उलट्या झाल्या असतील तर ग्लुकोज लावण्याआधी बी१ म्हणजे थायमिनचा विचार करा. कारण उलट्या होतायत म्हटलं की पहिलं सलाइन लागतं, आणि शरीरात बी१ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरांना आपलं ऑपरेशन माहीत नसतं, ते सांगणं आपलं काम.

घरातलं एक माणूस

सगळ्या घराला समजावत बसू नका, दमून जाल. एक माणूस निवडा आणि त्याला काम द्या. मी नवऱ्याला डाएटिशियनकडे सोबत नेलं, मी सांगितलेलं त्याने दहादा ऐकलं होतं पण तिथे ऐकल्यावर त्याला पटलं, आणि त्याचं काम एकच, पाहुण्यांमध्ये कुणी आग्रह करायला लागलं की "डॉक्टरांनी बंद केलंय" हे त्याने म्हणायचं, मी नाही.

आईचं अवघड गेलं. माझ्या आईचं सगळं प्रेम ताटातून यायचं आणि लेकीने चार घासात ताट बाजूला सारलं की तिचं तोंड उतरायचं. तिला मी खाऊ घालायचं बंद कर असं म्हटलंच नाही, मुगाचं घट्ट कढण तुझ्या हातचं पाहिजे म्हटलं. आता मी येणार असले की ती लसणाची फोडणी देऊन कढण करते आणि तीच लहान वाटी पुढे ठेवते, माहेरी माझ्यासाठी वेगळी घेऊन ठेवलीय तिने.

बाकीच्यांना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, कुणाचंही देणं लागत नाही आपण. बारीक झालीस, शुगर झाली का, काही मोठं दुखणं तर नाही ना, असं विचारतात. एक वाक्य पाठ करून ठेवा, "पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडं थोडं खायला सांगितलंय." खोटं काहीच नाही त्यात. आणि कुणी शॉर्टकट म्हणालं तर वाद घालू नका पण मनावरही घेऊ नका, लठ्ठपणा हा आजार आहे, त्यावर इलाज केलाय, जन्मभर व्हिटॅमिन घ्यायला आणि दरवर्षी रक्त द्यायला हिंमत लागते.

जुन्या मैत्रिणी तोडू नका. आमचं भेटणं म्हणजे मिसळ ठरलेली, आता त्यातल्या दोघी सकाळी सहाला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी येतात, कुणीतरी खाली उभं आहे म्हटलं की अंथरुणातून उठावंच लागतं.

मन खचलं तर

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीने गळतात, बहुतेकांचे परत येतात पण तेव्हा धीर सुटतो. कातडी लोंबते. आवडीचं खाणं सुटल्याचं खरंखुरं दुःख होतं, आधी वाईट वाटलं की खायचो, आता तेही दार बंद. ग्रुप ऐकून घेईल, पण सतत रडू येत असेल, झोप नसेल, जगणं नको वाटत असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवाच. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणखी एक, या ऑपरेशननंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, काहींचं खाण्याचं व्यसन हळूच दारूकडे वळतं. घरात तसं दिसलं तर लपवू नका, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मराठी मीटिंगा महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

माझं तिसऱ्या वर्षात सात किलो वाढलं. दोन रविवार मी कॉलला बसलेच नाही, नेट नव्हतं असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी कराडच्या ताईंचा फोन, "वजन विचारत नाही, आज काय काय खाल्लंस तेवढं सांग." सांगता सांगता मलाच ऐकू आलं, चहाबरोबर दोन बिस्किटं, मग थोडा चिवडा, मग परत चहा. असं भुरभुरीत, मऊ खाणं पोटात अडत नाही, सहज उतरतं, आणि दिवसभर चालूच राहतं. त्याच आठवड्यात त्यांनी मला डाएटिशियनची वेळ घ्यायला लावली. सातातले चार उतरले, तीन आहेत.

तुमच्या ओळखीत कुणीच नसेल तर पहिला मेसेज काय टाकायचा ते अडतं, मलाही अडलं होतं. मी डाएटिशियनला पाठवलेला असा होता, जसाच्या तसा घ्या, "मॅडम, माझं स्लीव्ह होऊन दोन महिने झालेत. तब्येत ठीक आहे पण बोलायला कुणी नाही. माझा नंबर तुमच्या एखाद्या जुन्या पेशंटना द्याल का? दुपारी दोन ते चार मी मोकळी असते."