भुतांच्या वाटेला जाण्याआधी

शनिवारवाड्यात रात्री जाऊन ‘काका, मला वाचवा’ ऐकायचंय, असं म्हणणारं कुणी ना कुणी दर वर्षी भेटतंच. त्यांना पहिल्यांदा सांगावं लागतं की वाडा संध्याकाळी बंद होतो आणि रात्री आत कुणाला सोडत नाहीत. तेव्हा यादीतलं पहिलं काम म्हणजे वेळा पाहणं. राजस्थानातल्या भानगडला सूर्यास्तानंतर प्रवेशबंदीची पाटी आहे आणि ‘सरकारही भुतं मानतं’ याचा पुरावा म्हणून लोक तिचा फोटो फिरवतात. पण पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं एरवीही साधारण सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ उघडी असतात. १९५९ च्या नियमांतच तसं आहे. भिंतीवरून उडी मारून आत गेलात तर भेटेल तो रखवालदार.

दुसरं काम वाचनाचं, आणि ते घरीच उरकायचं. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. त्यांचे काका रघुनाथराव तेव्हा त्याच वाड्यात नजरकैदेत होते. गारद्यांच्या तलवारी, ‘ध’चा ‘मा’, रामशास्त्र्यांनी दिलेला निकाल, एवढं डोक्यात घेऊन गेलात तर आत फिरण्यात अर्थ आहे. नाहीतर दिसतात ती नुसती जोती, कारंजी आणि हिरवळ, कारण नारायणराव ज्या दालनांतून धावले ती १८२८ च्या आगीत जळून गेली. उभी आहेत ती तटबंदी आणि दरवाजे. नारायण दरवाजा आवर्जून बघा. त्यांचा देह तिथूनच बाहेर नेला असं सांगतात. तारीख मात्र जपून निवडा. खून गणेशोत्सवातला, म्हणून कुणी हौसेने त्याच दिवसांत येतात, पण ढोलताशांत काकांनाच काय, शेजारच्या माणसालाही हाक ऐकू जात नाही.

पुण्याचं अर्ध्या दिवसात आटपतं. खरी तयारी लागते ती तळकोकणासाठी. कोकण रेल्वेने सावंतवाडी किंवा कुडाळ गाठा. तिथून वेंगुर्ला-शिरोड्याकडच्या शेवटच्या एसटीची वेळ स्टँडवरच विचारून घ्या, मोबाइलवर दिसते त्या वेळेवर विसंबू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. पावसाळ्यात जाऊच नका. रान एवढं माजतं की कठडा नसलेली जुनी विहीर दोन पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

पिशवीत डोक्याला बांधायची बॅटरी आणि सुटे सेल टाका, आणि पायात घोट्याच्या वर येणारे बूट घाला. बूट भुतासाठी नाहीत, फुरशासाठी आहेत. जांभ्याच्या कातळावर, पाचोळ्यात बसलेलं हे वीतभर-दीड वीत जनावर दिसत नाही. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं, तो ऐकला की जागच्या जागी थांबायचं. म्हणून निघण्याआधी सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते विचारून ठेवा आणि १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. चावा झालाच तर दोरी आवळणं, चिरा देणं नको. थेट दवाखाना. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू कसे रोखता येतात ते दाखवून दिलं, ते याच कोकणात. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सोबतचा कुणी ‘आधी उतरवून घेऊ’ म्हणालाच तर त्याला हे ऐकवा.

आवाजांचीही तयारी करा. गव्हाणी घुबडाची किंचाळी आणि रातव्याचं एकसुरी चक-चक घरी एकदा ऐकून जा. पडक्या घरातल्या निम्म्या गोष्टी तिथेच मिटतात. चकव्यावर उपाय म्हणजे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवणं आणि जाताना दिसलेल्या खुणा मोठ्याने बोलून घेणं.

आता बोलण्याची तयारी, आणि शहरातली माणसं नेमकी इथेच चुकतात. आरवलीच्या वेतोबाला ‘भूत’ म्हणू नका. तो गावाचा राखणदार. रात्री गावाच्या हद्दीत फिरतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला केळ्यांच्या घडाबरोबर भल्यामोठ्या चपला वाहतात. देवळात मांडलेल्या त्या चपलांसमोर उभं राहिलं की ‘हॉन्टेड’ हा शब्द फार उथळ वाटायला लागतो. माझं मत विचाराल तर सगळ्या सहलीत बघण्यासारखं तेवढंच आहे. देवचार, म्हणजे कोकणात जागेचा राखणदार मानतात तो, त्याच्या जागेबद्दलही तसंच. दाखवली तर लांबून बघायची, तिथे ठेवलेल्या विडी-नारळाला हात लावायचा नाही, आणि अमावास्येला कुणाला ‘चला दाखवा’ असा आग्रह धरायचा नाही.

बंद घरांच्या बाबतीत आणखी एक. घर ओसाड असलं तरी बेवारस नसतं. बऱ्याचदा पाच-सात भाऊबंदांची नावं सातबाऱ्यावर असतात, एखादा दावाही चालू असतो, आणि भुताची आवई कुणाच्या तरी सोयीची असते. परवानगी मिळाली नाही तर अंगणाबाहेरूनच परत फिरा.

मुक्कामाच्या घरी कुठे जाताय आणि किती वाजता परत येणार ते सांगून निघा. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा, माशांचं तर नक्कीच. रात्री साडेनवाला परत आलात तर भात मिळेल, सोलकढी संपलेली असेल.