परदेशी नवरा किंवा बायको वर्षातले चार-सहा महिने मुंबईत राहणार असेल तर कुठला व्हिसा घ्यायचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. लग्न झालं म्हणजे परदेशी जावयाला किंवा सुनेला इथे राहायचा हक्क आपोआप मिळत नाही. घरातल्या मोठ्यांना हे काही केल्या पटत नाही, "आता आपल्या घरचाच झाला ना तो" वगैरे म्हणतात, पण एअरपोर्टवर काउंटरमागे बसलेल्या माणसाला त्याचं काय. रस्ते तीनच आहेत: टुरिस्ट व्हिसा, एंट्री व्हिसा आणि ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात हवं तेवढं येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड). बहुतेक सगळे शेवटी ओसीआयवरच येतात, प्रश्न असतो तो तिथपर्यंतची दोन वर्षं कशी काढायची.

दोन वर्षं का, तर ओसीआयचा नियमच तसा आहे. लग्न रजिस्टर झालेलं हवं आणि अर्ज करण्याआधी सलग किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. मोजणी रजिस्ट्रेशनपासून होणार असंच धरून चाला. आता आपल्याकडे काय होतं की हॉल, जेवणाच्या पंगती, फोटोग्राफर सगळं महिनोन्महिने आधी ठरतं आणि रजिस्ट्रेशन मात्र "बघू नंतर, काय घाई आहे", आणि मग त्या "नंतर"चे जेवढे महिने जातात तेवढे महिने कार्ड पुढे ढकललं जातं. शिवाय दादरला हॉल घेऊन सप्तपदी केली तरी हिंदू विवाह कायद्यात दोघंही हिंदू लागतात, म्हणून अशी बरीचशी लग्नं १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली होतात. त्यात ३० दिवसांची नोटीस असते आणि दोघांपैकी एक जण नोटीस द्यायच्या आधी निदान ३० दिवस त्याच जिल्ह्यात राहत असायला हवा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत हे लक्षात असू द्या, माहीमवाले आणि बांद्र्याचे यांची ऑफिसं एक नाहीत. लग्न तिकडे परदेशात झालं असेल तर त्या सर्टिफिकेटवर तिथलं अपॉस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून तिथलं सरकार मारतं तो शिक्का, विमानात बसायच्या आधी करून घ्या, इथे बसून तिकडचा शिक्का मिळवणं म्हणजे नसता व्याप.

टुरिस्ट व्हिसा सगळ्यात सोपा, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा. पाच वर्षं ऐकून लोक खूश होतात पण ती व्हिसाची मुदत आहे, राहायची नाही. जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षात मिळून १८० दिवसांच्या वर राहता येत नाही, आणि एका ट्रिपला सलग किती दिवस चालतील ते व्हिसाच्या अटींमध्ये बघायचं. दिवाळीला येऊन गुढीपाडव्यानंतर परत जाणाऱ्यांना कॅलेंडर वर्षाचा हिशोब सोयीचा पडतो कारण मुक्काम दोन वर्षांत वाटला जातो. पण माझं मत विचाराल तर हा पहिल्या एक-दोन भेटींपुरता ठीक आहे. दर वर्षी महिनोन्महिने टुरिस्ट म्हणून राहणाऱ्याला कधी ना कधी प्रश्न विचारले जाणारच.

त्यापेक्षा एंट्री व्हिसा घ्या, भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी तो एक्स-२ या नावाने ओळखला जातो. जोडीदाराने आपल्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे अर्ज करायचा, सोबत मॅरेज सर्टिफिकेट आणि तुमचा पासपोर्ट. किती वर्षांचा द्यायचा ते वकिलात ठरवते. एका खेपेला १८० दिवसांच्या आत परत जाणार असाल तर सहसा एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) नोंदणी लागत नाही, त्यापेक्षा जास्त थांबायचं झालं तर लागते, पण व्हिसाच्या स्टिकरवर वेगळी अट छापलेली असेल तर तीच खरी, म्हणून स्टिकर भिंग लावून वाचा. नोंदणीचं काम आता ई-एफआरआरओवर ऑनलाइन चालतं, बोलावलंच तर ऑफिस सीएसएमटीजवळ झेव्हियर्स कॉलेजच्या मागे आहे. परवानगीशिवाय या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

आणि एक गोष्ट जी नव्वद टक्के घरांत कोणाला माहीतच नसते असं मला वाटतं: परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात. फक्त हॉटेलवाल्यांनी नाही, घरी ठेवून घेणाऱ्यानेसुद्धा. पुढे एफआरआरओचं काही काम निघालं की हाच कागद मागतात.

आता ओसीआय. एकदा मिळालं की कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, एफआरआरओची नोंदणी नाही, नोकरीही करता येते. तुम्ही स्वतः दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन ओसीआय झाला असाल तरी तुमच्या जोडीदाराला याच दोन वर्षांच्या नियमाने मिळू शकतं. फी भारतात १५,००० रुपये, बाहेरून २७५ डॉलर. टुरिस्ट व्हिसावर येऊन इथून अर्ज करता येत नाही. जोडीदाराचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यापैकी कोणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर मिळतच नाही. लग्नावरून अर्ज असेल तर सुरक्षा तपासणी होते, घरी चौकशीला माणूस येऊ शकतो, म्हणून शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर उगाच भलतीच चर्चा.

खरा वेळ खातात ती नावं. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, मॅरेज सर्टिफिकेटवर सासरचं, आधारवर मधलं नाव वडिलांचं, लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर. तुमच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव चढवलेलं आहे का हेही बऱ्याच ठिकाणी बघतात, नसेल तर लोअर परळ, अंधेरी किंवा मालाड, जिथे अपॉइंटमेंट मिळेल तिथे पासपोर्ट री-इश्यू करून घ्या, आणि हे पहिल्या दोन वर्षांतच उरका म्हणजे तेवढा वेळ तरी सत्कारणी लागेल.

कार्ड आलं म्हणून कोकणात शेतजमीन घ्यायची स्वप्नं बघू नका, ओसीआयला शेतजमीन, बागायत, फार्महाउस विकत घेता येत नाही. घटस्फोट झाला तर लग्नावरून मिळालेलं कार्ड जातं. आणि जोडीदाराचा पासपोर्ट नवीन झाला की तीन महिन्यांच्या आत नवा पासपोर्ट, फोटो आणि लग्न अजून टिकून आहे असं डिक्लेरेशन पोर्टलवर टाकायचं, त्याला फी नाही.

राहिला टॅक्स. वर्षात १८२ दिवस इथे राहिलं की माणूस टॅक्ससाठी रेसिडेंट म्हणजे इथला रहिवासी ठरतो, सगळे हाच नियम सांगतात, पण आणखी एक आहे: एप्रिल ते मार्चमध्ये ६० दिवस किंवा जास्त आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस किंवा जास्त राहिलं तरी माणूस रेसिडेंट ठरू शकतो. भेटीला येणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांना यात सवलत आहे, ज्याचं मूळ भारतीय नाही अशा जावयाला किंवा सुनेला ती मिळत नाही. दर वर्षी चार-पाच महिने राहणाऱ्याचे ३६५ दिवस तीन-चार वर्षांत सहज भरतात, तेव्हा तिसऱ्या वर्षीच सीएकडे जा आणि जाताना पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांची झेरॉक्स घेऊन जा.