सपाट रेषेच्या आत

मायक्रोट्यूब्यूलवर, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांवर, काम करायचं ठरवलं असेल, तर त्या ज्या प्रथिनापासून बनतात ते ट्युब्युलिन विकत मिळत असलं तरी एकदा स्वतःच्या हाताने काढा. मुंबईत पीएचडीला लागले तेव्हा माझं पहिलं काम होतं पहाटे देवनारहून बकऱ्याचे मेंदू आणणं. थर्माकोलचा डबा बर्फाने भरून मांडीवर घ्यायचा आणि ट्रॅफिक वाढायच्या आत प्रयोगशाळा गाठायची. मेंदूच का, तर चेतापेशींचे लांब तंतू याच नळ्यांच्या आधारावर असतात. ट्युब्युलिन तिथे भरपूर.

पुढचं सगळं तापमानावर. ३७ अंशांवर जीटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) दिलं की नळ्या बनतात, बर्फावर सुट्या होतात. एकदा मी सेंट्रिफ्यूजचा (गरगर फिरवून नळ्या तळाशी बसवणाऱ्या यंत्राचा) रोटर आधी तापवायला विसरले. ट्यूबच्या तळाशी काहीच बसलं नाही, अख्खा दिवस गेला. रडू आलं होतं.

शुद्ध ट्युब्युलिन हाती आल्यावर ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणा मोजला; नळ्या वाढल्या की तो वाढतो. रेषा चढली, मग सपाट झाली. मी वहीत लिहिलं, ‘वाढ थांबली.’ मॅडमनी वही वाचली आणि मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. तिथे एक नळी सावकाश लांबत होती आणि शेजारची, त्याच थेंबातली, भराभर आखडत होती. मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये मांडलेली डायनॅमिक इन्स्टॅबिलिटी ती हीच. टोकाला नुकत्याच जोडलेल्या ट्युब्युलिनमध्ये जीटीपी असतं, आतल्याचं एक फॉस्फेट गमावून जीडीपी झालेलं असतं. टोकाची ही जीटीपीची टोपी गेली की साधारण १३ उभ्या पट्ट्यांची ती नळी केळं सोलल्यागत उलगडत जाते. टोपी पुन्हा बसली, तर वाढ पुन्हा सुरू.

कॅन्सरवरच्या औषधांचं कामही मला त्यानंतरच कळलं. जास्त मात्रेत टॅक्सॉल नळ्या वाढवतं, सदाफुलीतलं विनब्लास्टिन मोडतं. पण अगदी कमी मात्रेत दोघंही नळ्यांचं एकूण प्रमाण फारसं न बदलता टोकांची ये-जा मंदावतात, आणि तेवढ्यानेच पेशीचं विभाजन अडतं. गढूळपणाच्या आलेखात हे दिसत नाही, म्हणून नुसत्या आलेखावर निष्कर्ष काढू नका.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी निदान वीस नळ्यांची टोकं फ्रेम-फ्रेम थांबवून स्वतः मोजा. माझे दोन आठवडे गेले त्यात. कोणती नळी कुठे वाढीवरून आखडण्याकडे वळली, हे तेव्हापासून डोळ्यांना आपोआप दिसतं.