वजन उतरवताना पहिले सहा आठवडे: काटा, तेलाची बाटली आणि संध्याकाळची भूक

वजन कमी करायला घेतलं की पहिल्या आठ-दहा दिवसांत दीड किलो सहज उतरतं. घरात सगळ्यांना सांगून होतं. मग तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलत नाही, एखाद्या सकाळी उलट किलोभर वर जातो, आणि "आमच्या अंगालाच काही लागू पडत नाही" म्हणत माणूस सोडून देतो. यात मनाच्या कमकुवतपणापेक्षा चुकीच्या हिशेबाचा भाग फार मोठा असतो. तो हिशेब आधी समजून घ्या.

यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं कमी झालं की हा साठा आधी वापरला जातो आणि ते पाणी लघवीवाटे जातं. पहिला दीड किलो मुख्यतः तोच. चरबीचं गणित वेगळं आहे. १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी पडल्या तरी किलोभर चरबी जायला पंधरा दिवस लागतात. म्हणून आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग चांगलाच म्हणायचा.

काटा कसा वाचायचा

वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाणी घेण्याआधी करा. काटा फरशीवर ठेवा. सतरंजी किंवा पायपुसणं खाली असेल तर आकडा चुकतो. रोजचा आकडा लिहा, पण निष्कर्ष आठवड्याच्या सरासरीवरूनच काढा.

एक नमुना बघा. पहिला आठवडा: ७८.२, ७७.९, ७८.६, ७७.८, ७७.५, ७८.१, ७७.७. सरासरी ७८.० किलो. दुसरा आठवडा: ७७.६, ७७.३, ७७.९, ७८.३, ७७.२, ७७.०, ७७.२. सरासरी ७७.५. अर्धा किलो उतरलंय. पण दुसऱ्या आठवड्यातला चौथा दिवस बघा, ७८.३. पहिल्या दिवसाच्याही वर! आदल्या रात्री लग्नाचं जेवण, पापड, लोणचं झालेलं असलं की असं होतंच. शरीरात ९ ग्रॅमच्या आसपास मीठ जास्तीचं राहिलं तर त्याच्याबरोबर लिटरभर पाणी थांबतं. ते दोन-तीन दिवसांत निघून जातं. एका रात्रीत खरोखर किलोभर चरबी चढायची तर गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खायला हव्यात, आणि ते एका जेवणात होत नाही. पाळीच्या आधीचे काही दिवस, बद्धकोष्ठ, नवा व्यायाम सुरू केल्यावर सुजलेले स्नायू, यांनीही काटा वर राहतो. बायकांनी म्हणून या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी न करता गेल्या महिन्यातल्या याच आठवड्याशी करावी.

जोडीला टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता पंधरा दिवसांनी एकदा मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. काटा थांबलेला असताना टेप दोन सेंटिमीटर खाली आलेली पुष्कळदा दिसते.

पहिला आठवडा: खाण्यात काही बदलू नका, फक्त लिहा

तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहायची. पोळ्या किती आणि कसल्या, चहा किती, साखर किती चमचे. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, फरसाणाच्या डब्यात जाता-येता घातलेला हातही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फरसाणात दीडशेच्या वर कॅलरी असतात आणि अशा तीन मुठी दिवसभरात कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईचा प्रश्न इथे वेगळा काढून सांगायला हवा. तिचं जेवण झालेलं असतं, पण कढईत दोन घास भाजी आणि भांड्याच्या तळाशी मूठभर भात राहिलेला असतो. टाकवत नाही, आणि एवढंसं फ्रीजमध्ये काय ठेवायचं म्हणून ते पोटात जातं. रोज हे दीडशे-दोनशे कॅलरींचं प्रकरण आहे. उपाय साधा आहे: जेवायला बसण्याआधीच उरणारं छोट्या डब्यात काढून झाकण लावा. भात सकाळी फोडणीला, भाजी थालीपिठात. आणि भाताचं माप अर्ध्या वाटीनं कमी करा, कारण रोज उरतंय म्हणजे रोज जास्त लावलं जातंय.

दुसरा आठवडा: तेल आणि चहा

सुरुवात इथूनच करावी असं आमचं ठाम मत आहे. पोट भरण्याशी तेलाचा संबंध फार कमी आणि कॅलरींशी फार मोठा. एका चहाच्या चमच्यात (५ मिली) सुमारे ४० कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ४० मिलीच्या वर, म्हणजे आठ चमचे जातात. ते ३ लिटरवर आणलं तर माणशी रोज पाच चमचे होतात. फरक रोज १३०–१४० कॅलरींचा, म्हणजे महिन्याला जवळजवळ अर्धा किलो चरबीचा. पानातला एकही घास कमी न करता.

हे अंदाजानं जमत नाही, कारण पळी किंवा पिशवीतून थेट ओतलेलं तेल हाताला कधीच कळत नाही. चार माणसांसाठी रोज सकाळी १०० मिली तेल एका लहान बाटलीत काढा. रात्रीपर्यंत पोळ्यांना, फोडणीला, सगळ्याला तेवढंच. पहिल्या दिवशी दुपारीच संपेल. मग कुठे जातंय ते दिसेल. बहुधा घडीच्या पोळीत: घडीत अर्धा चमचा, तव्यावरून उतरल्यावर वरून अर्धा. ३० ग्रॅम कणकेचा फुलका १०० कॅलरींचा, तर तेवढ्याच कणकेची तेल लावलेली पोळी १४०–१५० ची. फोडणी करपण्याची भीती असेल तर कढई लहान आणि जाड बुडाची घ्या. पसरट कढईत एक चमचा तेल मोहरी तडतडायलाही पुरत नाही, म्हणून हात आपोआप जास्त ओततो. कांदा परतताना लागला की तेल न घालता चमचाभर पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा.

शेंगदाण्याचा कूट आणि खोबरं यांचंही असंच. एक मोठा चमचा कूट ५५–६० कॅलरींचा. भाजीला चव येते, घालावाच, पण डब्यातून मुठीनं नको, चमच्यानं.

चहाची साखर एकदम बंद करू नका. चार कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे रोज ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. आठवड्याला अर्धा चमचा या बेतानं उतरत गेलात तर जिभेला ते खटकत नाही. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं मात्र लगेच थांबवलेली बरी. त्यात मैदा, साखर, तूपवजा चरबी हे तिन्ही असतं आणि पोट भरत नाही.

तिसरा आठवडा: ताट

आधी एक गैरसमज. "पोळी सोडली, भाकरीवर आलो, तरी वजन उतरत नाही" ही तक्रार सारखी येते. ज्वारीची एक भाकरी ६० ते ७० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे दोन फुलक्यांएवढी. भाकरी उत्तम, पोटभर वाटते, पण तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर खाणं दुप्पट होतं. तीन पोळ्यांच्या जागी दीड भाकरी, हे बरोबरीचं माप.

दुसरी अडचण प्रथिनांची. वाटीभर पातळ वरणात तुरीची डाळ असते १५–२० ग्रॅम, आणि तीतून मिळतात जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं. पोट तासाभरात रिकामं वाटतं, मग भात वाढतो. उंचीप्रमाणे जे वजन असायला हवं त्याच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं धरा. म्हणजे ६० किलोला ६० ग्रॅम. ती अशी जमवता येतात: ३० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ ७, एक अंडं ६, वाटीभर दही ५, २५ ग्रॅम कोरडे सोयाचंक्स १३, १०० ग्रॅम पनीर १८, तेवढाच बांगडा किंवा चिकन २० च्या आसपास. उरलेलं पोळी, भाकरी, डाळ भरून काढतात. कोकणात, गोव्यात रोज मासे असतील तर ही बाजू भक्कमच आहे. फक्त रवा लावून तळलेला तुकडा आणि नारळाचं वाटण यांचं प्रमाण पाहा.

वाढायचा क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, अर्धं ताट. मग उसळ किंवा घट्ट वरण. शेवटी पोळी-भात. उलट क्रमानं वाढलं की भाजीला जागाच उरत नाही.

उपवास

आठवड्याचा एक वार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्यात सात-आठ उपवास होतात आणि पुष्कळांचं वजन याच दिवसांत अडतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा २१० कॅलरी, २५ ग्रॅम कूट १४०, अडीच चमचे तूप १००, वर बटाटा. अशी एक बशी खिचडी पाचशेच्या घरात जाते आणि त्यात प्रथिनं असतात तेवढी कुटातलीच. उपवास करायचाच असेल तर १५० ग्रॅम उकडलेलं रताळं (सुमारे १३० कॅलरी) आणि ताक, किंवा वरीचा मोजका भात आणि दाण्याची पातळ आमटी, आणि एखादं फळ. खिचडी हवीच असेल तर एकदाच, आणि ती जेवण समजून.

संध्याकाळी साडेपाच-सहा

बेत मोडतो तो बहुतेक वेळा याच तासाला. सकाळी नुसता चहा, दुपारी घाईत दोन पोळ्या, आणि सहाला घरी आल्यावर जे समोर दिसेल ते. भूक खरी असते, तिला दटावून ती जात नाही. म्हणून पाच वाजता, भूक लागायच्या आत, ३० ग्रॅम भाजलेले चणे किंवा एक उकडलेलं अंडं किंवा मोठा पेला ताक घ्या. चण्यांच्या पुड्या रविवारीच बांधून पर्समध्ये, बॅगेत टाका. लोकलमधून उतरल्यावर वडापावच्या गाडीशी सामना रिकाम्या पोटी होऊ देऊ नका. साधारण ३०० कॅलरींचा तो वडापाव चालून जिरवायचा तर ७० किलोच्या माणसाला सुमारे ६ किलोमीटर चालावं लागतं.

चालणं तरीही रोज हवंच. पहिल्या आठवड्यापासून जेवणानंतर १५ मिनिटं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत. वजन जास्त असताना पहिल्याच दिवशी पळणं किंवा दोरीवरच्या उड्या सुरू केल्या की टाच किंवा गुडघा धरतो आणि महिना फुकट जातो. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून दंड, प्रत्येकी दहाचे तीन फेरे. खाणं कमी असताना स्नायूही झिजतात. या व्यायामानं ते टिकतात.

काटा थांबला की

चौथ्या-पाचव्या आठवड्यात हे होणारच. जेवण आणखी तोडू नका. आधी शनिवार-रविवार तपासा. पाच दिवस रोज ४०० कॅलरी वाचवल्या तर २,००० होतात. रविवारची बिर्याणी, बाहेरची पावभाजी, सोसायटीतला वाढदिवस यांत रोजचे हजार जास्त गेले की दोन दिवसांत सगळे परत. मग तेलाची बाटली पुन्हा भरायला लागलात का ते पाहा. झोप सहा तासांच्या खाली गेली असेल तर भूक वाढलेली असते, तीही कारणांत धरा.

नातेवाइकांकडे पंगतीत "मी डाएटवर आहे" असं जाहीर करू नका, आग्रह दुप्पट होतो. "काकू, ही भाजी फार छान झालीय, हीच अजून वाढा" म्हटलं की त्यांचंही मन राखलं जातं आणि पानात भाजीच येते.

"दोनदाच जेवा" आणि "दर दोन तासांनी थोडं खा" या दोन सल्ल्यांत फिरत राहू नका. तुमच्या कामाच्या वेळांना जो झेपेल तो घ्या आणि सहा आठवडे तोच ठेवा. दिवसाची एकूण बेरीज कमी झाली तर दोन्हींनी वजन उतरतं. स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. फार झपाट्यानं वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधीच डॉक्टरांना भेटा. डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा बेत धरू नये.

सहा आठवडे प्रामाणिकपणे लिहूनही सरासरी किलोभरसुद्धा उतरली नसेल आणि टेपही जागच्या जागी असेल, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या: रोजचं वजन, पोटाचं माप, खाल्लेलं आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं. काही औषधांनीही वजन वाढतं, आणि ते त्या यादीवरूनच त्यांच्या लक्षात येईल.