होडीवर मासळी जिवंत ठेवायची टाकी: पीयू फोम आणि फायबरग्लासची, घरच्या घरी

खाडीच्या तोंडावर जिताडा किंवा तांब गरवायला जाणाऱ्याला जिवंत चाऱ्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. गळाला तडफडणारी बोय किंवा जिवंत कोळंबी असेल तरच दिवस लागतो. अडचण चारा मिळण्याची नसते, तो टिकण्याची असते. पहाटे पागून आणलेली बोय नऊ वाजेपर्यंत बादलीत पोट वर करून तरंगायला लागते.

कारण साधं आहे. ३० अंशांना समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. पाणी जितकं तापेल तितका तो कमी होतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. बादलीतल्या दहा-बारा बोयी तेवढा साठा बघता बघता संपवतात. म्हणजे टाकीकडून कामं दोनच हवीत: पाणी तापू द्यायचं नाही आणि ते सतत बदलत ठेवायचं. पहिलं काम फोम करतो, दुसरं पंप. फायबरग्लास फक्त या दोघांना धरून ठेवतो.

(नुसत्या चिंबोऱ्या आणायच्या असतील तर ही खटपट करू नका. नांग्या बांधून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवलेली चिंबोरी साचलेल्या पाण्यातल्या चिंबोरीपेक्षा जास्त टिकते.)

माप

मोठी टाकी करायचा मोह होतो, तो आवरा. आतून ६० सेंमी लांब, ४० रुंद, ४० खोल एवढी पेटी लहान फायबरच्या होडीला पुष्कळ झाली. ३२ सेंमीपर्यंत भरली तर पाणी साधारण ७५ लिटर, म्हणजे एक धडधाकट माणूस कायम एकाच जागी बसवल्यासारखं. शिवाय हा माणूस होडी कलली की त्याच बाजूला कलतो. म्हणून टाकी होडीच्या मध्यरेषेवर, शक्य तितकी खाली आणि मधोमध किंवा किंचित मागे बसली पाहिजे. नाळीत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, ठेवली तर प्रत्येक लाटेला आपटेल आणि आतली मासळी भिंतींवर आदळून खवले घालवेल.

फोम कुठला

इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. फायबरच्या कामाला आपल्याकडे बहुतेक पॉलिएस्टर रेझिन (काचेच्या मॅटवर लावायचा, सुकून कडक होणारा चिकट द्रव) वापरतात आणि त्यात स्टायरीन असतं. स्टायरीन थर्माकोलला खातं. पांढरा थर्माकोलच नव्हे, छतासाठी मिळणारे निळे-गुलाबी एक्सपीएस बोर्डही, तेही थर्माकोलच्याच जातीचे. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. ते बोर्ड वापरायचेच असतील तर इपॉक्सी रेझिन घ्यावं लागतं आणि ते बरंच महाग पडतं.

माझं मत सरळ आहे: कोल्ड स्टोरेजचं काम करणाऱ्यांकडे मिळणारा कडक पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या, २५ मिमी जाडीचा, शक्यतो ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो). त्याला पॉलिएस्टर काही करत नाही. कागद किंवा अ‍ॅल्युमिनियमची पन्नी चिकटलेली असेल तर आधी सोलून काढा, नाहीतर रेझिन फोमला न धरता पन्नीला धरेल. शंका असेल तर तुकड्यावर हार्डनर न घातलेल्या रेझिनचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबा, खड्डा पडला तर तो फोम नको.

रेझिन आयसोफ्थॅलिक मागा. साध्या जनरल पर्पजपेक्षा ते पाण्यात जास्त टिकतं. या मापाला झाकणासकट साधारण ५ चौरस मीटर ४५० ग्रॅमची (चौरस मीटरला) चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या आखूड धाग्यांची चटई, आणि ६ ते ७ किलो रेझिन पुरतं. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन हा हिशोब लक्षात ठेवला की दुकानात फसगत होत नाही. सोबत टाल्कम पावडर, ब्रश, दात्यांचा लोखंडी रोलर, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा.

रसायनं हाताळताना

रेझिनमध्ये दोन गोष्टी जातात, सुकणं जलद करणारा कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर आणि रेझिन कडक करणारा हार्डनर. या दोघांना कधीही थेट एकत्र आणायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्हीला वेगळी मापं, वेगळ्या काड्या. दुकानदाराला रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलंय का ते विचारून घ्या, बऱ्याचदा घातलेलं असतं. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा टाळू नका.

एका वेळी अर्धा किलोच कालवा. त्याला हार्डनर ५ ते ७ मिली, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ५ च. त्याहून कमी करू नका, रेझिन कायमचं अर्धकच्चं राहतं. कालवून उरलेलं डब्यात तसंच साठवलं की ते तापून धुरावतं, तेव्हा डबा घराबाहेर मोकळ्या जागी ठेवायचा.

१ जूनपासून मासेमारी बंद, हाताला काम नाही, म्हणून बरेच जण हे काम पावसाळ्यात काढतात. नका काढू. ओलसर मॅट पांढुरकी राहते आणि थर नंतर सुटतो. मे महिन्यात, सावलीत, वारा खेळेल अशा जागी करा.

पेटी उभी करणं

फोमचे पाच तुकडे कापा: तळ आणि चार भिंती. रेझिनमध्ये टाल्कम घालून श्रीखंडाइतकी घट्ट पुट्टी करायची, तिने सांधे जोडायचे आणि बांबूच्या काड्या टोचून ठेवायच्या. सुकल्यावर आतल्या चारही उभ्या कोपऱ्यांत फोमचे तिकोनी तुकडे बसवून वर पुट्टी भरा आणि ओली असतानाच बाटलीने दाबत वरून खाली ओढा. कोपरा छान गोल होतो. हे दिसायला नाही. चौकोनी कोपऱ्यात मासा तोंड खुपसून बसतो, आपटतो, मरतो. गोल कोपऱ्यात पाणी फिरत राहतं आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून पोहत राहतो.

आता भोकांची तयारी, आणि ती मॅट मारण्याआधीच. पाईप जिथून जाणार तिथला फोम पाईपपेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन सेंमी जास्त कोरून काढा आणि ती जागा पुट्टीने ठासून भरा. नंतर भोक या कडक पुट्टीतून पाडायचं. थेट फोममधून पाडलं तर पाणी आत झिरपतं, फोम जड होतो आणि दोन हंगामांत टाकी उचलवत नाही. घरी केलेल्या टाक्या बहुधा इथेच मरतात.

मग आतून दोन थर. आधी फोमवर रेझिनचा हात, त्यावर मॅट, त्यावर पुन्हा रेझिन, आणि रोलरने हवा काढायची. मॅट पांढरी दिसते तिथे रेझिन पोचलेलं नाही, चमकती दिसते तिथे हवा अडकली आहे. कोपऱ्यात मॅट हाताने फाडून लावा, कात्रीने कापलेली कड उठून दिसते. तुकडे एकमेकांवर ५ सेंमी चढवा. बाहेरून एक थर पुरे, तळाला मात्र दोन. वरची कड उघडी सोडू नका, मॅट आतून बाहेर वळवून घ्या.

शेवटचा हात फिकट निळ्या पिगमेंटच्या जेलकोटचा (वरून लावायच्या रंगीत, गुळगुळीत रेझिनचा), आणि तो मेण घातलेला. मेण नसेल तर हवेला लागलेला थर चिकट राहतो. त्याआधी मास्क लावून पॉलिश पेपर मारा, काचेची धूळ छातीत नको.

झाकणही तसंच: फोम, दोन्हीकडून मॅट, खाली आत बसणारी कड. हात आणि लहान जाळी जाईल एवढंच तोंड ठेवा.

पाण्याची ये-जा

होडीच्या तळाला भोक पाडू नका. १२ व्होल्टचा ताशी १९०० लिटरचा बुडता पंप एका पाईपला बांधून मागच्या फळीला क्लॅम्पने लटकवा. प्रत्यक्षात पाणी यापेक्षा बरंच कमी चढतं, तरी हरकत नाही, तासाला पाच-सहा वेळा पाणी बदललं की झालं. असा पंप साधारण २ अँपिअर खातो. सहा तासांना १२ अँपिअर-अवर. बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवायची नाही, म्हणून निदान २६ ची घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज लावा.

येणारा पाईप २० मिमीचा, आणि तो भिंतीला लागून तिरका सोडा म्हणजे पाणी गोल फिरेल. जाणारा ४० मिमीचा. जाणारा पाईप येणाऱ्यापेक्षा मोठा हवाच, पाणी आपोआप उतरतं तेव्हा त्याला जोर नसतो. टाकीच्या तळाच्या भोकात ३२ सेंमी उंचीचा उभा पाईप बसवा. पाणी त्याच्यावर चढलं की बाहेर पडेल, टाकी रिकामी करायची तेव्हा पाईप उपसून काढायचा. त्याच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर कोळंबी एकेक करून समुद्रात परत जाते. बाहेरचं तोंड होडीच्या बाजूने पाण्याच्या रेषेच्या वरच्या बाजूला काढा. ते होडीच्या आत सोडलंत तर दिवसभर उपसत बसाल.

सगळं सामान पीव्हीसी किंवा नायलॉनचं. पितळी नळ-कॉक नकोत, तांबं कोळंबीला विष आहे.

पहिल्या फेरीआधी

टाकी आठवडाभर उन्हात उघडी ठेवा, साबणाने धुवा, पाणी भरून रात्रभर ठेवा आणि ओतून द्या. असं तीन-चारदा. नाक आत घालून बघा, रेझिनचा वास येत असेल तर अजून थांबायचं.

जेट्टीजवळ पंप लावू नका, तिथे पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. होडी जोरात चालली की पंप हवा ओढायला लागतो, तेवढ्या वेळापुरता बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप जवळ असू द्या. खाडीत धरलेली बोय बाहेर नेताना पाणी हळूहळू बदलेल असं बघा, खारेपणाचा एकदम झटका बसला तर मासा मलूल होतो. कडक उन्हात बर्फ सुटा टाकायचा नाही, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकायच्या. आणि टाकी होडीला चार ठिकाणी पट्ट्यांनी आवळा, नुसती ठेवून निघू नका.