शाळा उघडायच्या वादात युनियनला शिव्या घालण्याआधी काय काय तपासायचं

शिकागोत राहायला आल्यापासून फॅमिली ग्रुपवर मला एक बिनपगारी नोकरी लागलीये, अमेरिकेत कुठे काही खुट्ट झालं की "काय चाललंय तुमच्याकडे" याचं उत्तर मी द्यायचं. जानेवारी 2022 मध्ये कोविडवरून शिक्षकांची युनियन आणि शाळा प्रशासन यांच्यात वाजलं आणि इथल्या सरकारी शाळांचे पाच दिवस वर्गच भरले नाहीत तेव्हा पुण्याच्या काकांचा मेसेज आला, मास्तरांना पगार हवा, शाळा नको. मी तावातावाने भांडले आणि अर्ध्या गोष्टी चुकीच्या ठोकून दिल्या. नंतर बसून सगळं वाचलं, आणि हा विषय अजूनही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उकरला जातोच, तर नीट भांडायचं कसं ते लिहितेय.

सगळ्यात आधी तारीख विचारा. "कोविडमध्ये युनियनने शाळा बंद ठेवल्या" असं कोणी म्हणालं की विचारा कधीच्या कोविडमध्ये? शिकागोच्या शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या. जानेवारी 2021 मध्ये शिक्षकांना परत बोलवायला सुरुवात केली तेव्हा लस नुकती आली होती आणि बहुतेक शिक्षकांना मिळाली नव्हती. जानेवारी 2022 मध्ये लस घेऊन झाली होती, पण ओमिक्रॉनची लाट होती. ही दोन वेगळी भांडणं आहेत आणि लोक दोन्हीचा काला करून वाढतात. पहिल्यात मी युनियनच्या बाजूने आहे, दुसऱ्यात अर्धीमुर्धी.

मग मागणी काय होती ते वाचा, हेडलाइन नको. फेब्रुवारी 2021 चा समझोता बघा, त्यात शाळेच्या स्टाफला आठवड्याला किमान 1,500 लसी आणि संसर्ग किती वाढला की शाळा थांबवायच्या याचा ठरलेला आकडा, असली कलमं आहेत. ते झाल्यावर पाचवीपर्यंतची मुलं 1 मार्चला, सहावी ते आठवी 8 मार्चला आणि हायस्कूल 19 एप्रिलला परत आलं. म्हणजे हायस्कूलच्या मुलांचं एक वर्ष आणि वर एक महिना घरी गेला, हे पण त्याच दमात बोला, लपवू नका.

आता टेस्टिंगचं, कारण इथेच खरी गंमत आहे. 2021 च्या नाताळच्या सुट्टीत शाळांनी मुलांसाठी घरी कोविड टेस्ट करायची किट वाटली, नमुना घ्यायचा आणि कुरियरच्या पेटीत टाकायचा. पेट्या भरून ओसंडल्या, पाकिटं बाहेर डिसेंबरच्या थंडीत ढिगाने पडलेली, ते फोटो सगळीकडे फिरले. आणि जेवढ्या टेस्ट लॅबला पोचल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त बाद. आता शिक्षक म्हणून तुम्हाला सांगितलं की काळजी करू नका, टेस्टिंग चालू आहे, तर तुम्ही काय म्हणाल? 4 जानेवारीला युनियनच्या मेंबरांनी मतदान केलं, 73 टक्के म्हणाले ऑनलाइन शिकवू. शाळांनी वर्गच रद्द केले, ऑनलाइन सुद्धा नाही. मुलं 12 तारखेला परत आली.

इथे शब्द पण तपासा. युनियन म्हणायची हा संप नाही, आम्ही शिकवायला तयार आहोत फक्त घरून, आणि महापौर लोरी लाइटफूट म्हणायच्या हे बेकायदा काम बंद आहे. "संप" म्हणालात की तुम्ही एक बाजू घेतली आणि "लॉकआउट", म्हणजे मालकानेच काम बंद पाडलं, म्हणालात की दुसरी, म्हणून मी सरळ "वर्ग भरले नाहीत" लिहिते. न्यूयॉर्कची गोष्ट यात मिसळू नका, तिथे सरकारी कर्मचाऱ्यांना कायद्यानेच संप करता येत नाही, तरी 2020 मध्ये संपाची नुसती धमकी आली आणि शाळा 10 सप्टेंबरवरून 21 वर ढकलल्या.

पुढचा प्रश्न, निर्णय कोणाच्या हातात होता? शिकागोत 1995 च्या कायद्याने शाळांचं बोर्ड महापौर नेमायचे, आणि वर्गात किती मुलं, शाळेचा दिवस किती तासांचा असल्या गोष्टींवर युनियनशी बोलणी करायची बोर्डावर सक्तीच नव्हती. ते बंधन एप्रिल 2021 मध्ये इलिनॉय राज्याचे गव्हर्नर प्रित्झकर यांच्या सहीने गेलं. म्हणजे पंचवीस वर्षांची खुन्नस आधीच होती, व्हायरस वरून पडला. आणि यामुळेच आपल्याकडची तुलना फसते. माझी ताई सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिला सर्वेक्षणाची ड्यूटी लागली, दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरली, नोव्हेंबर 2020 मध्ये नववी ते बारावी उघडताना शिक्षकांना आरटी-पीसीआर करून या म्हणाले, त्यांच्या संघटनेने निवेदन दिलं आणि साहेबांनी ते फाइलला लावलं. इथली युनियन निवेदन देत नाही, करार करते, मोडला तर कोर्टात जाते. काकांना हे एवढं एकच नीट समजावलं असतं तर आठवडा वाचला असता.

पालकांना विसरू नका. 2020 च्या शेवटी शिकागोत पालकांना विचारलं मुलं पाठवणार का, तर निम्म्याहून कमी लोक हो म्हणाले, आणि काळ्या व लॅटिनो वस्त्यांत नको म्हणणारे जास्त, कारण त्यांच्याच घरात जास्त माणसं गेली होती. "युनियन विरुद्ध पालक" हे चित्र अर्धंच खरं आहे.

युनियनच्या चुका पण सांगा, नाहीतर कोणी ऐकणार नाही. डिसेंबर 2020 मध्ये शिकागोच्या युनियनने ट्वीट केलं की शाळा उघडायचा रेटा लिंगभेद आणि वंशवादातून येतोय, मग टीका झाल्यावर काढून टाकलं. एकट्या आईला कामावर जायचंय आणि पोरगं घरी आहे, तिला तुम्ही काय म्हणताय हे?

नुकसानीचे आकडे पण जपून वापरा. 2022 च्या राष्ट्रीय चाचणीत 2019 च्या तुलनेत चौथीचं गणित 5 गुणांनी आणि आठवीचं 8 गुणांनी घसरलं. जिथे जास्त दिवस ऑनलाइन होतं तिथे सरासरीने नुकसान जास्त, गरीब शाळांत अजून जास्त, हे मान्य करा. पण एकेक शहर घेऊन सिद्ध करायला जाल तर तोंडावर पडाल, लॉस एंजेलिसच्या शाळा एप्रिल 2021 पर्यंत बंद होत्या आणि तिथे आठवीचं वाचन उलट 9 गुणांनी वाढलं.

शेवटी काका एक हुकमी पत्ता काढतील, शिकागोतल्या कॅथलिक शाळा 2020 च्या शरद ऋतूतच उघडल्या, मग? तिथे वर्ग लहान होते, बघून घ्या, पण त्या चालल्या हे खरंच आहे, तेवढा मुद्दा देऊन टाका. मी दिला, ग्रुपवर दोन दिवस शांतता होती, तिसऱ्या दिवशी काकांनी मेट्रोच्या स्टेशनवरून नवीन भांडण काढलं.