म्युनिकमध्ये एक दिवस: सकाळी राजवाडा, दुपारनंतर ऑक्टोबरफेस्ट

जर्मनीतील म्युनिक शहराच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअर उत्सवाला येणारे असंख्य पर्यटक रेल्वे स्थानकावरून थेट उत्सवाचे मैदान गाठतात आणि ज्या राजघराण्यातील एका लग्नामुळे हा उत्सव सुरू झाला, त्याचा वाडा जवळच असूनही न पाहताच परततात. ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात नीट पाहून होतात. मात्र इतिहास आधी आणि बिअर नंतर, हा क्रम मोडू नये, कारण उत्सवासाठी गाळलेल्या बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण सुमारे 6 टक्के असते आणि ती एक लिटरच्या मगातूनच मिळते.

उत्सव 15 सप्टेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपतो. शनिवार-रविवार आणि 3 ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी टाळून सोमवार ते गुरुवारमधील दिवस निवडावा. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी मैदानात नेता येत नाही, त्यामुळे पाठीवरची सॅक मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावी. रोख युरो जवळ असू द्यावेत आणि शहरातील वाहतुकीचा दिवसभराचा पास सकाळीच काढावा.

सकाळी 9 वाजता रेसिडेन्झ हा राजवाडा उघडतो, तेव्हाच आत शिरावे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतावर राज्य करणाऱ्या विटल्सबाख घराण्याचे हे 1918 पर्यंतचे निवासस्थान होते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत त्याचा बराच भाग उद्ध्वस्त झाला आणि नंतर तो मोठ्या चिकाटीने पुन्हा उभारला गेला. सर्व दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. परंतु आंटिक्वारियम चुकवू नये. प्राचीन मूर्तींसाठी सोळाव्या शतकात बांधलेले हे 66 मीटर लांबीचे दालन आहे. त्याच्या कमानदार छतावर रंगवलेली बव्हेरियातील गावांची चित्रे पाहण्यासाठी थोडा वेळ मान वर करून उभे राहावे.

तेथून पायी मारियेनप्लात्झ चौकात 12 वाजण्यापूर्वी पोहोचावे. नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यातील 43 घंटा वाजू लागल्या की वरच्या मजल्यावरील बाहुल्या 1568 साली झालेला ड्यूक पाचवा विल्हेल्म आणि लोरेनची रेनाटा यांचा विवाहसोहळा साकारतात, तर खालच्या मजल्यावर पिंपे बनवणाऱ्या कारागिरांचे नृत्य सुरू होते. याच विल्हेल्मने 1589 मध्ये होफब्रॉयहाउस ही बिअर गाळण्याची दरबारी भट्टी स्थापन केली, तर त्याच्या आजोबांच्या काळात, 1516 साली, बिअरमध्ये बार्ली, हॉप या वेलीची फुले आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये असा हुकूम निघाला होता. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की मैदानावरील मग हातात घेताना त्यामागचा इतिहासही आपोआप आठवतो. चौकालगतच्या विक्टुआलियेनमार्क्ट या जुन्या बाजारात पोटभर खाऊन घ्यावे.

मैदानाला लागून थेरेसियनवीझे हे भुयारी रेल्वेचे स्थानक आहे, पण तिथे चेंगराचेंगरी असते. त्यापेक्षा मारियेनप्लात्झहून यू-3 किंवा यू-6 गाडीने दोनच स्थानके पुढे ग्योटेप्लात्झला उतरून चालत जावे. युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसे यांचा विवाह 12 ऑक्टोबर 1810 रोजी झाला आणि त्यानिमित्त या मैदानावर घोड्यांची शर्यत भरली; हाच या उत्सवाचा आरंभ. मैदानाचे थेरेसियनवीझे हे नावही वधूच्या नावावरूनच पडले. शर्यती केव्हाच बंद झाल्या, उत्सव मात्र टिकला. मैदानाच्या पश्चिमेला, उंचवट्यावर, लुडविगनेच उभारलेला आणि 1850 मध्ये अनावरण झालेला बव्हेरियाचा, म्हणजे त्या प्रांताच्या स्त्रीरूपातील प्रतीकाचा, 18.52 मीटर उंचीचा कांस्यपुतळा आहे. त्याच्या आतील अरुंद जिन्याने थेट डोक्यापर्यंत चढता येते. आत उकडते, बसायला धातूचे छोटे बाक आहेत आणि लहानशा झरोक्यांतून खालचे बिअरचे सारे तंबू दिसतात. हा जिना बिअर पिण्यापूर्वीच चढावा.

उत्तरेकडील मुख्य प्रवेशद्वारापाशी एक स्मारक आहे. 26 सप्टेंबर 1980 रोजी एका अतिउजव्या तरुणाने इथे घडवलेल्या बॉम्बस्फोटात त्याच्यासह 13 जण मृत्युमुखी पडले आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. तिथे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मैदानात आणि तंबूंत प्रवेशशुल्क नाही. दक्षिण टोकाच्या ‘ओइडे वीझन’ या जुन्या धाटणीच्या विभागाला मात्र मोजके युरो पडतात. जुने पाळणे, लोकनृत्ये आणि दगडी मगातील बिअर यांमुळे इतिहासप्रेमींना तो विशेष भावतो. ज्या वर्षी इथे कृषी प्रदर्शन भरते, त्या वर्षी हा विभाग नसतो. मोठ्या तंबूत दुपारी 3 च्या सुमारास जावे, कारण बाकावर जागा मिळाल्याशिवाय बिअर मिळत नाही आणि संध्याकाळची बहुतेक टेबले आधीच आरक्षित असतात. 6 वाजेपर्यंत वाद्यवृंदाचा आवाजही मर्यादित ठेवलेला असतो, त्यामुळे गप्पा मारता येतात. बिअर म्युनिकच्या सहा कंपन्यांचीच मिळते. 2025 मध्ये एका मगाला 14.50 ते 15.80 युरो मोजावे लागत होते. त्यावर वाढणाऱ्या बाईंना थोडी टीप द्यावी. शाकाहारी मंडळींनी केझश्पेट्सले हा चीज आणि कांद्याचा पदार्थ किंवा ब्रेझन या वेटोळ्या पावासोबत ओबात्झ्डा हे मसालेदार चीजचे मिश्रण मागवावे. अल्कोहोलविरहित बिअरही मिळते.

बाकावर उभे राहून गाणे चालते, टेबलावर चढलेले चालत नाही. बिअरचा मग आठवण म्हणून उचलून नेणे ही चोरी मानली जाते, हवा असल्यास विकत घ्यावा. परतताना रस्त्याकडेची ई-स्कूटर घेऊ नये, कारण मद्यप्राशनाबाबत तिला मोटारीचेच नियम लागू आहेत. ग्योटेप्लात्झपर्यंत चालत जाऊन गाडी पकडावी.